माघारीची वायर

सुदामभाऊ गेल्याचा फोन दुपारी आला. फोन त्यांच्या मुलाचा, दत्ताचा होता. "काका, आण्णा गेले," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे? किती वाजता?" तीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहिल्यावर तोंडात हेच प्रश्न आधी येतात. त्यानं बिचाऱ्यानं उत्तरंही दिली. बेल्ह्याच्या बाजारात, अकराच्या सुमारास. एका व्यापाऱ्याच्या टेम्पोचा इंडिकेटर जोडून ते उठले, परत खाली बसले, ते बसलेच. त्याच टेम्पोतून त्यांना दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. हौसावहिनी कशा आहेत हे आपण विचारलंच नाही, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी पिंपरी पेंढारला पोचलो तेव्हा माळावर बरीच माणसं जमलेली होती. सगळं उरकल्यावर ती घोळक्याघोळक्यानं उभी राहून एकाच गोष्टीवर बोलत होती. हौसाबाई आता त्या बसमध्ये एकटी कशी राहणार? दत्ता भोसरीला कंपनीत आहे. तिथं एका खोलीत तो, बायको आणि लहान मुलगी राहतात. आईला घेऊन जायचं त्यानं स्मशानातून परततानाच ठरवलं होतं. वहिनी बसच्या पायरीवर बसल्या होत्या. कुणी काही विचारलं की एकच उत्तर देत होत्या, "मी हितंच बरी हाय."

बस म्हणजे खरोखरची बस. एका खासगी शाळेची भंगारात निघालेली पिवळी गाडी सुदामभाऊंनी घेतली होती. इंजिन आधीच कुणीतरी काढून नेलं होतं. भावांच्या वाटणीत त्यांच्या वाट्याला माळ आला, घर आलं नाही. त्यावर त्यांनी वाद घातला नाही. ट्रॅक्टर लावून बस माळावर ओढून आणली, चाकांखाली दगड लावले, सीट काढून टाकल्या. मागची लांब सीट तेवढी ठेवली, तिचा दिवाण झाला. ड्रायव्हरच्या मागे स्वयंपाक, मधल्या जागेत बसणं-उठणं. नऊ वर्षं ते दोघं त्या बसमध्ये राहिले.

आमची ओळख त्याच्या खूप आधीची. मी तेव्हा मोटरसायकलवर आंबेगाव आणि जुन्नर फिरून बातम्या गोळा करायचो. कळंबजवळ एका संध्याकाळी गाडीचा हेडलाइट गेला. रस्त्याकडेला गाड्यांची लाइट दुरुस्त करणारी एक टपरी होती. टपरीतला माणूस न बोलता उठला, हेडलाइटची काच काढली, मग ती तशीच ठेवून गाडीच्या सांगाड्यावरचा एक स्क्रू काढला, पॉलिश पेपरनं त्याखालची जागा घासली, स्क्रू परत बसवला. दिवा लागला. मी म्हटलं, बल्ब गेला असेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "बल्बाला काय झालंय? करंट जातोय, पर माघारी येत न्हाई."

माघारी हा त्यांचा शब्द. गाड्यांच्या विजेचं काम करणारे इतर लोक त्याला अर्थिंग म्हणतात. सुदामभाऊंचं घराणं मेंढपाळांचं. वडिलांच्या काळात दिवाळीनंतर मेंढरं कोकणात उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. सुदामभाऊंचं लहानपण त्या वाटेवर गेलं. शाळेत ते थोडेच दिवस होते, वीज त्यांनी एका गॅरेजमध्ये शिकली आणि समजून घेतली ती मेंढरांच्या हिशेबानं. ते सांगायचे, "आमचा म्हातारा म्हणायचा, गेलेलं मेंढरू माघारी आलं तरच ते आपलं. करंटाचं तसंच हाय भाऊ. बॅटरीतनं निघाला, दिव्यातनं गेला, आन् फिरून बॅटरीला आला, तवाच उजेड." घरात विजेला जायला एक आणि यायला एक अशा दोन वायरी लागतात. गाडीत जायला वायर असते आणि परतीसाठी गाडीचा पत्राच वापरतात. हे मला त्यांनी त्या पहिल्या भेटीत समजावलं होतं. पुढे पुष्कळदा समजावलं, कारण मी ते दर वेळी विसरायचो.

रस्ता रुंद झाला तेव्हा टपरी गेली. मग ते बाजारांना फिरू लागले. एका पिशवीत हत्यारं घेऊन बेल्ह्याला जायचे, टेम्पोवाल्यांचे दिवे, हॉर्न, इंडिकेटर जुळवायचे. बस घेतली ती त्याच सुमारास. तिच्यात वीज आणायला त्यांना आठवडा लागला. ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी होती, पूर्ण मेलेली नव्हती. एका बागायतदारानं मोठा सोलर पंप बसवला, त्याची आधीची प्लेट यांना मिळाली, ती टपावर चढवली. मधे चार्जिंगची एक लहान डबी. दिवे ट्रकच्या बाजूला असतात ते, बारा व्होल्टचे, एकूण सात. बटणं मात्र नवी आणली नाहीत. डॅशबोर्डवर होती तीच वापरली आणि त्यांवरची नावंही तशीच राहू दिली. त्यामुळे चुलीवरचा दिवा 'वायपर' या बटणावर लागायचा. दिवाणावरचा 'पार्किंग'वर. बाहेर ऊस लांब नाही आणि उसात बिबट्या असतो, म्हणून दाराबाहेरचा मोठा झोत 'रिव्हर्स'वर. मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा वहिनी आतून ओरडल्या होत्या, "अवो, वायपर लावा की, भाकर करपाया लागली." मी काचेकडे बघितलं. सुदामभाऊ हसत म्हणाले, "आमच्यात भाकरीला वायपर लागतो, पावणं."

त्या घरावर मी एक बातमी लिहिली होती. सोलर प्लेट, जुनी बॅटरी, सात दिवे, सगळं बिनचूक. कार्यालयात कुणीतरी मथळा दिला, 'उन्हावर चालणारी बस'. बातमी माझी, त्यामुळे चूकही माझ्याच नावावर. त्या आठवड्यात लोक माळावर बस बघायला आले. बेल्ह्याच्या बाजाराहून परतणारा एक जण दोन शेळ्या घेऊन आला आणि गंभीरपणे म्हणाला, "आळेफाट्याला कवा सुटती?" सुदामभाऊंनी आभाळाकडे बघून सांगितलं, "ढग हाय राव. ऊन पडलं की लगेच." मी दिलगिरी व्यक्त करायला गेलो तेव्हा त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, "बरं झालं. माणसं आली, च्या पिली. माळावर कोण येतंय एरवी?"

एका गोष्टीवरून मात्र मी त्यांच्याशी भांडलो. गावात सगळ्यांना विजेची जोडणी होती. सुरुवातीला बसला घर नंबर नव्हता, म्हणून मीटर मिळत नव्हता. पुढे कुणीतरी मार्ग काढला आणि मीटर मिळू लागला, तर यांनीच नको म्हटलं. मी म्हटलं, सुदामभाऊ, पंखा लागेल, मिक्सर लागेल, वहिनींना बरं पडेल. ते म्हणाले, "बारा व्होल्ट पुरतंय आमाला." मी त्याला हट्टीपणा म्हणालो. त्यांनी वाद वाढवला नाही, पॉलिश पेपर वहिनींच्या हातात दिला आणि म्हणाले, "घास गं तेवढं." दिव्यांच्या स्क्रूखालची जागा घासण्याचं काम वहिनींचं असायचं. त्या कंटाळून करायच्या. भांड्यासारखं एकदा घासून भागत कसं नाही, असं पुटपुटायच्या, हाताला पत्र्याचा काळा लागला की पदराला पुसायच्या आणि लुगडं खराब झालं म्हणून पुन्हा सुदामभाऊंनाच बोलायच्या.

दशक्रिया झाली, सुतक फिटलं. चाल अशी, की सुतक फिटलं की घर धुवायचं, सारवायचं. बस सारवता येत नाही. भावकीतल्या बायकांनी ती आतून-बाहेरून पाण्यानं धुतली आणि दत्ताला वाटलं, आपण रंग द्यावा. त्यानं दोन दिवस रजा वाढवली. आधी तांबडा, गंज धरू नये म्हणून, आणि त्यावर पांढरा ऑइलपेंट. काम त्यानं मन लावून केलं. दिव्यांवरून ब्रश फिरवून मोकळा झाला नाही. एकेक दिवा उतरवला, खालचा पत्रा रंगवला, वाळू दिला, दिवा परत लावला. बॅटरीपासून पत्र्याला गेलेली जाड पट्टी सोडवली, तिच्या बोल्टखालीसुद्धा दोन हात दिले. संध्याकाळी वहिनींनी वायपर दाबला. दिवा लागला नाही. पार्किंग नाही, रिव्हर्स नाही. सातातला एकही नाही.

आळेफाट्याहून वायरमन आणला. घरांचं काम करणारा, चांगला कारागीर. त्यानं टेस्टर लावला, टेस्टर पेटला नाही. घरच्या विजेचा टेस्टर बारा व्होल्टवर पेटत नाही, हे मला मागाहून समजलं. तो म्हणाला, "करंटच न्हाई. समदं जुनं झालंय, नव्यानं करावं लागंल." दत्तानं बॅटरी बदलून बघितली, तरी काही नाही. लोक म्हणाले, सुदाम गेला आणि त्याच्यासंगं त्याची लाइटही गेली. दत्तानं आईला समोर बसवलं. उसाला लागून माळ, आजूबाजूला बिबट्या, आणि आता उजेडही नाही. बस भंगारवाल्याला द्यायची, आई भोसरीला येईल. गुरुवारी त्याची सुट्टी असते, त्या गुरुवारी भंगारवाला येणार होता. वहिनींनी होही म्हटलं नाही आणि नाहीही नाही.

बुधवारी त्यांनी मला फोन केला, "भाऊजी, उद्या येता का? दत्ता तुमचं ऐकतो." मी गेलो, पण मनातून मी दत्ताच्या बाजूचा होतो, हे लिहायला हवं. दुपारी चारच्या सुमारास आम्ही तिघं बसमध्ये बसलो होतो. नव्या रंगाचा वास होता. भांडी एका पोत्यात भरलेली होती. मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "वहिनी, तेव्हाच मीटर घेतला असता तर आज ही वेळ आली नसती. सुदामभाऊंनी हट्ट केला."

वहिनींनी हातातलं भांडं पोत्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "हट्ट त्यांचा न्हवता. माजा व्हता." लग्नाआधी, माहेरी, विहिरीवरच्या स्टार्टरला त्यांचा ओला हात लागला होता. बाजूला फेकल्या गेल्या, वाचल्या. पुढं लग्न झालं, भावकीच्या घरात लाइट होती, पण त्यांनी कधी बटणाला हात लावला नाही. कुणीतरी दिवा लावीपर्यंत अंधारात बसून राहायच्या. थट्टा व्हायची, लाइटीला भिणारी म्हणून. "बस आणली तवा हे म्हणाले, मी तुला न चावणारी लाइट करून देतो. बॅटरीच्या दोनी टोकांवर माजी बोटं ठिवली. काय सुदिक झालं न्हाई. मंग म्या पयल्यांदा बटण दाबलं. म्हातारपणी. आता तुमी मला भोसरीला न्या, तिथं समदी चावणारी." आई लाइटीला भिते हे दत्तानं बघितलं होतं, बसमधली लाइट त्यासाठी होती हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी तीन दशकांची मैत्री सांगत होतो आणि बारा व्होल्टचं कारण मला माहीत नव्हतं.

दत्ता म्हणाला, "आई, पण आता बंदच पडलं ना. तुझ्यासाठी रंग दिला गं मी. लग्नघरासारखं केलं."

"लई झ्याक केलंस," वहिनी म्हणाल्या आणि चुलीवरच्या दिव्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, दिव्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "दत्ता, हिथं पांढरं कसं? खालीबी रंग दिला का तू?"

"दिला की. दोन हात."

"मी हिथं घासत व्हते," त्या म्हणाल्या. "ह्या समद्या दिव्यांखाली. नऊ वर्सं. हे मला काळं सुदिक ठिवू देत न्हवते हिथं, आन् तू रंग दिलास व्हय?"

दत्तानं माझ्याकडे बघितलं. मी सुदामभाऊंचा तो धडा पुन्हा विसरलो होतो, आणि तो त्याच क्षणी मला आठवला: करंट पत्र्यातून माघारी येतो, आणि रंगातून तो जात नाही. पण सांगायची गरज उरली नाही. वहिनींनी पोत्यातून उलथनं काढलं होतं आणि त्या बॅटरीच्या पेटीकडे निघाल्या होत्या. दत्ता म्हणाला, थांब, मी करतो. त्या म्हणाल्या, "तू बोल्ट सोड. घासायचं माजं काम हाय." त्यानं पान्यानं बोल्ट सोडला. त्यांनी पट्टीखालचा रंग खरवडायला सुरुवात केली. पांढरा गेला, मग तांबडा गेला, मग पत्रा चकाकला. पट्टी परत आवळली. दत्तानं डॅशबोर्डवरची सगळी बटणं एकेक करून खाली केली. सहा दिवे तसेच राहिले. दाराजवळचा एक लागला. त्याचा स्क्रू घट्ट बसला होता, दत्ताला तो निघाला नव्हता, म्हणून त्याच्या कडेकडेनं ब्रश फिरवून त्यानं तो तसाच सोडला होता.

दत्ता पायरीवर जाऊन बसला. त्याचे खांदे हलत होते. पहिल्या दिवसापासून तो धावपळ करत होता, त्याला रडताना मी तोवर बघितलं नव्हतं. वहिनी त्याच्यापाशी गेल्या नाहीत. त्या चुलीवरच्या दिव्याचा स्क्रू फिरवायला लागल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "आरं ऊठ की. माजा वर हात पोचंना झालाय."

दिवेलागणीपर्यंत सातही दिवे लागले होते. दत्ता खरवडत असताना रंगाचे मोठे पट्टे निघायला लागले, तेव्हा वहिनींनी त्याला थांबवलं. "समदं नगं काढू. चांगला दिलायस रंग. कुंकवाएवढी जागा मोकळी ठिव, बास." म्हणून तिथून पुढे त्यानं प्रत्येक स्क्रूभोवती तेवढाच गोल काढला, एका खिळ्याच्या टोकानं आधी आखून. मधेच त्याचा फोन वाजला. भंगारवाला फाट्यावर येऊन वाट विचारत होता. दत्तानं उलथनं दुसऱ्या हातात घेतलं आणि म्हणाला, "राहू द्या भाऊ. गाडी चालू हाय." समोरून काहीतरी विचारणा झाली असावी. तो म्हणाला, "नाय, जात कुठंच नाय. पर चालू हाय." वहिनींनी पोत्यातली भांडी काढून फळीवर लावायला घेतली. आम्ही तिघं वायपरखाली पिठलं-भाकरी जेवलो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले आहेत. गावातली चर्चा थांबलेली नाही. एकट्या बाईनं माळावर राहू नये असं म्हणणारे आहेत, आणि त्यांची काळजी खोटी नाही. दत्तानं तारेचं कुंपण घातलं आहे. आळेफाट्याचा वायरमन एकदा मुद्दाम येऊन दिवे बघून गेला. वहिनींनी त्याला बॅटरीच्या दोन्ही टोकांवर बोटं ठेवायला लावली म्हणतात.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो होतो. रंग काढलेला पत्रा उघडा राहतो, त्यामुळे त्याला गंज धरतो. ते सात गोल आणि बॅटरीचा आठवा, दर आठवड्याला घासावे लागतात आणि वरून थोडं व्हॅसलिन लावावं लागतं. वहिनी त्याच कामात होत्या. तोंडानं पुटपुटत होत्या, काळं बोट पदराला पुसत होत्या. दिवस गुरुवारचा. दत्ताचा फोन आला. हात भरलेले म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकून डॅशबोर्डवर ठेवला. कशी आहेस, जेवलीस का, यातलं तो काही बोलला नाही. त्यानं विचारलं, "आई, घासलं का?"

"सात झालं. एक राह्यलंय."

"कुठलं?"

"दाराचं. त्याचा स्कुरू निघंना."

"राहू दे. मी आलो की काढतो."

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्यापुढे दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही, पण फोनही कुणी ठेवला नाही. पलीकडून त्याच्या मुलीचा आवाज येत होता, इकडे पत्र्यावर पॉलिश पेपर फिरत होता... मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.